गृहपाठाच्या वहीमागचे घर

'गृहपाठ' हा शब्द आमच्या शिक्षणव्यवहारात इतका रुळून गेला आहे की, त्यातल्या 'गृह' या पूर्वार्धाकडे कोणाचे लक्षच जात नाही. शाळेने पाठ द्यावा आणि घराने तो करवून घ्यावा, अशी ही वाटणी. या वाटणीत घराविषयी काही गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या आहेत. संध्याकाळी दिवा असेल, वही पसरण्याइतका कोपरा असेल, तासदीडतास मुलाला कोणी कामाला जुंपणार नाही, आणि तेवढ्या वेळात घरात आरडाओरडा होणार नाही. पहिल्या तीन गोष्टींची उणीव बहुधा गरिबीने येते आणि ती डोळ्यांना दिसते. चौथीची उणीव चांगल्या दुमजली बंगल्यातही असू शकते, आणि ती मात्र दिसत नाही. ज्यांच्या घरी ओढाताण चालली आहे अशा मुलांना नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षकाने कसा आधार द्यावा, हा आजचा विषय. तो मुख्यतः या न दिसणाऱ्या उणिवेचा आहे.

श्रोत्यांत नवी शिक्षक मंडळी बरीच असतील. त्यांची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. महाराष्ट्रात नवा शिक्षक पहिली तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून काढतो. 2023 पासून प्राथमिक शाळेत त्याला दरमहा 16,000 रुपये मानधन मिळते, त्याआधी ते 6,000 होते. गाव परके, खोली भाड्याची, नोकरी अजून कायम नाही. पदविकेच्या अभ्यासक्रमात त्याने बालमानसशास्त्र वाचलेले असते, पण पुस्तकातले मूल एकटे असते. वर्गातली चाळीस मुले एकदमच समोर येतात, आणि त्यांतल्या कोणाच्या घरी काल रात्री काय झाले हे हजेरीपटावर लिहिलेले नसते. ही अडचण खरी आहे, आणि 'शिक्षक हा मुलांचा दुसरा बापच' अशा भाषणांनी ती सुटत नाही.

आधी हे समजून घेऊ की, घरची अशांतता मुलाच्या अभ्यासावर नेमकी कोणत्या वाटेने येते. 'लक्ष नाही' असे आपण म्हणतो. वस्तुतः त्या मुलाचे लक्ष फार असते, फक्त ते फळ्यावर नसते. ज्या घरात रात्री दार केव्हा वाजेल आणि वाजल्यावर काय होईल याचा नेम नसतो, त्या घरातले मूल आवाजांवर पहारा करायला शिकते. चपलांच्या आवाजावरून बाप आज पिऊन आला की नाही, हे सहा वर्षांचे मूल ओळखते. ही त्याची विद्या आहे, आणि घरी ती त्याच्या उपयोगाचीही आहे. पण शरीराला पहाऱ्याची सवय लागली की ती शाळेत आल्यावर उतरवून ठेवता येत नाही. बाक सरकला की ते दचकते, कोणी मागून हात लावला की वळून मारते, आणि शिक्षकाचा हात फळ्याकडे वर गेला तरी मान खाली घालते. मनात एका वेळी धरून ठेवता येण्याजोग्या गोष्टी मुळातच थोड्या. हातचा एक धरायचा ती जागा भीतीने आधीच अडवलेली असते. शिवाय झोप झालेली नसते, आणि दिवसा शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. तेव्हा 'डोके नाही' हा शेरा अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकावर लिहिण्यापूर्वी दहा वेळा थांबावे.

आता खुणा. यांची यादी करून भिंतीवर लावण्याची पद्धत अलीकडे निघाली आहे, ती आम्हांला विशेष पसंत नाही, कारण एकाच खुणेमागे चार कारणे असतात. दुसऱ्या तासाला डुलक्या घेणारा मुलगा घ्या. घरात रात्रभर भांडण झाले असेल. किंवा त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रपाळीची असेल आणि तो बापाबरोबर पाणी द्यायला गेला असेल. किंवा तो मोबाइल घेऊन जागला असेल. तिघेही सारखेच डुलतात. एका खुणेवरून निदान करू नये, बदल पाहावा. काल मोकळा असलेला मुलगा आज गप्प का, वळणदार अक्षर महिन्याभरात का बिघडले, वहीवर पालकाची सही आणायला सांगितली की हाच मुलगा गैरहजर का राहतो, वैशाखाच्या उन्हाळ्यात मुलगी पूर्ण बाह्यांचा सदरा का घालते, शाळा सुटल्यावर कोण रेंगाळतो आणि सकाळी कुलूप उघडण्याआधी कोण पायरीवर येऊन बसतो, हे पाहावे. सोमवारी खिचडीला कोण दोनदा रांगेत येतो आणि कोण ती डब्यात भरून धाकट्या बहिणीसाठी नेतो, हेही पाहावे. मधल्या सुट्टीत वाढायला उभा राहणारा शिक्षक अर्ध्या तासात जेवढे शिकतो, तेवढे पालकसभेत वर्षभर कळत नाही.

एक प्रकार मात्र हमखास नजरेतून निसटतो. खोडकर मुलगा लक्ष वेधून घेतो. पण जी मुलगी कधीच चुकत नाही, जिची वही सदैव नीटनेटकी, जी न सांगता वर्ग झाडते, बाईंच्या चेहऱ्यावर आठी दिसली तर लगेच क्षमा मागते, तिला आपण 'आदर्श विद्यार्थिनी' म्हणून बक्षीस देऊन मोकळे होतो. अशा मुलींपैकी काही जणी खरोखरच स्वभावाने नीटनेटक्या असतात. काही जणी मात्र घरातले वादळ आपल्या चुकीने उठू नये म्हणून वर्षानुवर्षे श्वास धरून जगत असतात. आजारी आईचा संसार त्या चालवतात, आणि शाळेत येतात तेव्हा त्यांचा निम्मा दिवस संपलेला असतो.

पाहिलेले टिपून ठेवावे. त्यासाठी वेगळी वही करावी आणि ती कुलपात ठेवावी. तीत तारीख, काय दिसले, आणि मूल काही बोलले असल्यास त्याचेच शब्द, एवढेच लिहावे. 'बाप दारुडा आहे' असे लिहू नये. 'आज म्हणाला, पप्पा रात्री आले तेव्हा आम्ही गोठ्यात झोपलो' असे लिहावे. पहिले आपले अनुमान झाले, दुसरी घटना. पुढेमागे कोणा अधिकाऱ्याला ही वही दाखवावी लागली, तर दुसऱ्याच प्रकारचे वाक्य कामी येते.

यानंतर वर्गात काय करावयाचे? बरेचसे काम येथेच होते, आणि त्याला पैसा लागत नाही. भेदरलेल्या मुलाला सर्वांत मोठा आधार असतो तो आज काय होणार हे आधी कळण्याचा. रोज त्याच क्रमाने सुरू होणारा वर्ग, शिक्षकाचा एकसारखा आवाज, चुकल्यावर काय होईल याचा ठरलेला नियम, या गोष्टी इतरांना कंटाळवाण्या वाटतील, पण ज्याच्या घरी कशाचाच भरवसा नाही त्याला त्या औषधासारख्या लागू पडतात. मारणे तर नाहीच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंनाही बंदी केली आहे. पण कायद्याचे राहू द्या. घरी मार खाणाऱ्या मुलाला शाळेतही मारले, तर जगात दुसरी रीत असते हे त्याने कोठे पाहावे?

गृहपाठाचे काय करावे, हाही प्रश्न येतोच. आमचे मत असे की, तो शाळेतच करून घेण्याची सोय ठेवावी, आणि ती सर्वांसाठी ठेवावी. शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास वर्ग उघडा ठेवला तर ज्याला गरज आहे तो आपोआप येतो, त्याला वेगळे काढावे लागत नाही. निबंधाचे विषय देतानाही थोडा विचार हवा. 'माझे बाबा', 'आमची दिवाळी' हे विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ज्याच्या बापाने तीन महिन्यांपूर्वी शेतात औषध घेतले, त्याने पहिल्या विषयावर काय लिहावे? 'मला आवडणारे एक माणूस' असा विषय दिला तर कोणाचेच अडत नाही, आणि निबंधही जरा बरे उतरतात, कारण 'माझे बाबा' सगळ्यांचे एकाच मार्गदर्शकातून आलेले असतात!

येथे एक धोका सांगितला पाहिजे. तो कणवेचा आहे. 'बिचाऱ्याच्या घरी असे आहे, त्याला नको गणित' असे म्हणणारा शिक्षक मनाने वाईट नसतो, पण तो त्या मुलाच्या वाटेतले एक दार बंद करून टाकतो. वेळ द्यावा, जागा द्यावी, दोनदा समजावून सांगावे, परंतु अपूर्णांक त्याला आलाच पाहिजे हा आग्रह सोडू नये. मुलांना कीव फार लवकर कळते.

घरी जाणे हा जुन्या शिक्षकांचा परिपाठ होता, तो पुन्हा धरावा. मात्र पहिली भेट तक्रारीची नसावी. 'तुमचा मुलगा अभ्यास करीत नाही' हा निरोप बापाच्या हाती काठी देतो, आणि ती कोणाच्या पाठीवर बसते हे सांगायला नको. पहिल्या भेटीत मुलाचा एखादा गुण सांगावा, चहा घ्यावा आणि निघावे. शक्यतो सहकाऱ्याला बरोबर घ्यावे. घरी आई एकटीच असेल तर पुरुष शिक्षकाने ओट्यावरच बसावे. गावात तोंडे फार असतात, आणि त्यांचा त्रास शिक्षकापेक्षा त्या बाईला अधिक होतो.

सर्वच ओढाताण कोणाच्या दुष्टपणातून येते असे नाही, हे मराठवाड्यातल्या शिक्षकाला सांगावे लागत नाही. दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक 'कोयता' धरला जातो, आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर पाचसहा महिने जातात. मुलगी दहाबारा वर्षांची असेल तर तिला बरोबर नेतात, कारण कोपीवर धाकटे भावंड सांभाळायला कोणी हवे. ती गेली की हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघ सुरू होते. या आईबापांना मूल नकोसे झालेले नसते. उचल फेडायची असते. त्यांच्यापुढे शिक्षणाचे महत्त्व सांगत बसणे म्हणजे त्यांचा अपमान आहे. येथे उपयोगी पडतात त्या गोष्टी वेगळ्या. मूल मागे राहावे यासाठी गावात हंगामी वसतिगृह चालवण्याची तरतूद आहे. त्याचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून वेळेवर, म्हणजे टोळ्या हलण्यापूर्वी, गेला पाहिजे. मूल जाणारच असेल तर त्याला शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवावे. फडाजवळच्या शाळेला कागदपत्रांच्या अभावी त्याला प्रवेश नाकारता येत नाही, हे आईबापांना नीट समजावून सांगावे. आणि जे मूल आजीजवळ राहिले आहे, त्याच्याकडे त्या सहा महिन्यांत जास्त पाहावे. आजीला रात्री दिसत नाही, आणि चुलत्याच्या घरी ताट वाढले जाते पण विचारपूस होत नाही. आठवड्यातून एकदा शिक्षकाच्या मोबाइलवरून फडावरच्या आईशी दोन मिनिटे बोलणे करून दिले, तर तेवढ्यानेही मूल तगते असे आमच्या पाहण्यात आहे.

शाळेने घरापर्यंत जावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगसाठी भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. अमळनेरला 1924 ते 1930 या काळात साने गुरुजींनी शिकवण्याबरोबर छात्रालयातल्या मुलांची भांडी घासली, अंथरुणे आवरली. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच कुरणावर नेली. ही उदाहरणे आम्ही नव्या शिक्षकाला लाजवण्यासाठी देत नाही. त्यागाची गोष्ट बाजूला ठेवली तरी या सर्वांच्या कामात एक साधा व्यवहार आहे. मूल का येत नाही, याचे उत्तर त्यांनी मुलात शोधले नाही.

आता सर्वांत अवघड प्रसंगाकडे येतो. एखाद्या दुपारी शाळा सुटल्यावर मुलगी मागे थांबते, ओढणीचे टोक पिळते, आणि म्हणते, "बाई, एक सांगायचंय. पण तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" नव्या शिक्षिकेच्या तोंडून सहज निघून जाते, "नाही गं, सांग." हे वचन देऊ नये. कारण पुढे जे येईल ते कोणाला तरी सांगावेच लागण्याजोगे असू शकते, आणि मग आधीच एकदा फसवल्या गेलेल्या मुलीला आपणही फसवले असे होते. तिला असे म्हणता येते: "तू सांगायला आलीस हे फार चांगलं केलंस. तुला सांभाळायला ज्यांना सांगावं लागेल, तेवढ्यांनाच मी सांगेन. आणि सांगण्याआधी तुला विचारून नाही, पण कळवून सांगेन." मुली यावर पुष्कळदा क्षणभर थांबतात. थांबू द्यावे. बहुतेकदा त्या बोलतात.

बोलू लागल्यावर ऐकावे. "मग तू ओरडली का नाहीस?" हा प्रश्न कधीही विचारू नये. खोदून खोदून तपशील काढू नयेत, ते काम दुसऱ्याचे आहे. यात तुझा काही दोष नाही, एवढे मात्र स्पष्ट शब्दांत सांगावे. ते ऐकण्यासाठीच ती आलेली असते. ती उठून गेली की लगेच तिचे शब्द वहीत लिहावेत.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पुढे काय करायचे हा शिक्षकाच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही. 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू असलेल्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने, म्हणजे ज्याला सर्वत्र 'पोक्सो' म्हणतात त्याने, अठरा वर्षांखालील मुलाबाबत असा गुन्हा कळलेल्या प्रत्येक व्यक्तीवर तो पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उलट, सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे बंधन त्या व्यक्तीवर आहे. मुख्याध्यापकांना सांगावे, पण त्यांच्या परवानगीची वाट पाहण्याची गरज कायद्यात नाही. मुलीचा जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यावा, गणवेषात नव्हे तर साध्या वेषात, मुलीच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यावा, आणि तिला रात्री ठाण्यात ठेवू नये, असेही त्याच कायद्यात आहे. हे नव्या शिक्षिकेने पाठ करून ठेवावे, कारण तिच्या शेजारी उभे राहून हे मागणारे दुसरे कोणी तेथे असेलच असे नाही.

गावात अशा वेळी एक वाक्य ठरलेले असते: "मिटवून टाका." ते सरपंच म्हणतात, भावकी म्हणते, कधी शाळेतलीच वडीलधारी मंडळी म्हणतात. मुलीच्या भल्यासाठीच म्हणतात, असेही पुष्कळदा त्यांना वाटत असते. ज्याच्यावर आरोप आहे तो शाळा व्यवस्थापन समितीवर असू शकतो, आणि शिक्षणसेवकाची तीन वर्षे अजून भरायची असतात. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण मिटवण्याचा अर्थ एवढाच होतो की, मुलगी त्याच घरी परत जाते आणि तिने तोंड उघडले होते हे आता त्या माणसाला ठाऊक असते. म्हणून आरोपीला शाळेत बोलावून समजावण्याच्या फंदात शिक्षकाने पडू नये. एकटे वाटत असेल तर 1098 या क्रमांकावर फोन करावा. मुलांच्या मदतीची ही सेवा 1996 साली मुंबईत सुरू झाली आणि 2023 पासून ती शासकीय यंत्रणेमार्फत चालते. फोन दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत. घरची बेदम मारहाण, उपासमार, बालविवाहाची तयारी, अशा बाबतींतही येथे विचारता येते. मुलाला घरी ठेवणे धोक्याचे असेल तर निर्णय जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीने घ्यायचा असतो. शिक्षकाने मूल परस्पर आपल्या घरी नेऊन ठेवू नये, मग हेतू कितीही चांगला असो.

याच ओघात शिक्षकाच्या मर्यादेचाही उल्लेख केला पाहिजे. पहिल्या वर्षी अनेकांना तारणहार होण्याची हुक्की येते. पगारातून पैसे देणे, बापाची दारू सोडवायला निघणे, रात्री अकरा वाजता मुलाचे फोन घेणे, हे सहा महिने चालते. मग माणूस थकतो आणि एके दिवशी एकदम पाठ फिरवतो. मुलाला अचानक पाठ फिरवणाऱ्या माणसांचा अनुभव आधीच पुष्कळ असतो. त्यापेक्षा थोडे द्यावे, पण रोज द्यावे. हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. गरिबी, कलह, आईबापांचे व्यसन किंवा मनोविकार अशी अनेक संकटे एकदम ज्यांच्या वाट्याला आली होती, त्यांतली सुमारे एकतृतीयांश मुले तरीही धडधाकट, कर्तबगार माणसे झाली. अशा मुलांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आढळलेली एक गोष्ट म्हणजे त्यांच्यावर भरवसा ठेवणारे निदान एक स्थिर, मोठे माणूस. ते कधी आजी होते, कधी शेजारी, कधी शिक्षक. उरलेल्या दोनतृतीयांशांचाही आकडा शिक्षकाने विसरू नये. सारे काही आपल्या हातात नसते, आणि एखादे मूल सर्व करूनही सुटून गेले तर त्याचे खापर स्वतःवर फोडून घेण्यात अर्थ नाही.

राहता राहिला बदलीचा प्रश्न. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती कधी ना कधी येणारच, आणि आदेश बहुधा सुट्टीत निघतो. जूनमध्ये मुले येतात तेव्हा खुर्चीवर दुसरेच कोणी असते. ज्या दोनचार मुलांचा आपल्यावर विशेष भार होता, त्यांना आदेश निघताच, सुट्टी असली तरी, घरी जाऊन सांगावे. नव्या शिक्षकाला भेटून त्या मुलांची ओळख करून द्यावी, मुलाच्या देखत करून द्यावी. कुलपातली वही सरसकट हवाली करू नये. जे मुलाच्या सुरक्षिततेसाठी कळणे अवश्य आहे तेवढे तोंडी सांगावे, पोलिसांपर्यंत गेलेल्या प्रकरणांची पाने मुख्याध्यापकांकडे सही घेऊन द्यावीत, बाकीची फाडून जाळावीत. आणि सकाळी अर्धा तास आधी वर्गाचे कुलूप कोण उघडणार, हे जाण्यापूर्वी ठरवून द्यावे. पायरीवर येऊन बसणारा मुलगा पंधरा जूनलाही येऊन बसणार आहे.